विवाह खरा असल्याबाबत

दुकानातून,
ता. ६ जानेवारी

सौ. मंडळीस,
अ. उ. आ. वि. वि.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर पूर्ण, धंदा बुकबाइंडिंग, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, वर्गात दुसरा, या गल्लीत पासष्ट वर्षांची पत, प्रतिज्ञेवर लिहून देतो की, तू माझी पत्नी आहेस. आपला विवाह एकोणपन्नास वर्षांपूर्वी झाला. तो अद्याप चालू आहे. माझे नाव अर्जाच्या पहिल्या रकान्यात आहे आणि तुझे दुसऱ्या. ते पुन्हा पुन्हा लिहून शाई दवडण्याचे कारण नाही.

सुरुवात अशी का, असे तुला वाटेल. व्हिसाच्या कचेरीने कळविले आहे की, विवाह खरा असल्याच्या पुराव्यादाखल पती-पत्नीने एकमेकांस लिहिलेली पत्रे जोडावीत. पत्रे नाहीत, असे मी कळविले. पंचेचाळीस वर्षे आपण दोन खोल्यांत आणि एका दुकानात काढली. समोर बसून खळ कालविणाऱ्या बाईस पत्र कोण लिहितो? गेली चार वर्षे तू लेकीकडे आहेस, त्या काळात मी दर रविवारी फोन केला. परंतु फोन कागदावर चिकटवता येत नाही.

तेव्हा शेजारच्या टायपिस्टने, म्हणजे आपल्या कार्बनने, सल्ला दिला की, आता तरी लिहायला लागा. कार्बनच्या दारावर हल्ली ‘व्हिसा सल्लागार’ अशी पाटी आहे. बसस्थानकापलीकडे पाऊल न टाकलेला हा मनुष्य दिवसभर लोकांस परदेशी पाठवितो. त्याचे म्हणणे असे की, पत्रांत प्रेम दिसले पाहिजे. मी त्यास सांगितले की, मी अर्ज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आहे आणि प्रेम असा रकाना त्यात कोठेही नाही.

गैरसमज नसावा म्हणून नमूद करतो की, तिकडे येण्याचा हा अर्ज मी केवळ जावईबापूंच्या आग्रहाखातर करीत आहे. माझे इकडे उत्तम चालले आहे. एकटा असल्याने पातेली कमी लागतात, एवढाच काय तो फरक.

अर्जाची पाने एकशे बारा झाली. कार्बन ती टाचणी लावून धाडणार होता. माझे कागद माझ्या हयातीत सुटे जावेत, हे मला पटेना. मी दोन दोन पाने पट्टीने जोडली, त्यांचे जुज केले (कचेरीच्या माहितीसाठी: जुज म्हणजे एकात एक घातलेल्या पानांची गड्डी, जी सुईने शिवतात), शिलाई घातली, निळ्या कापडाचा पुठ्ठा चढविला आणि कण्यावर सोनेरी अक्षरांत ‘विवाह खरा असल्याबाबत’ असे छापले. तिन्ही कडा यंत्रावर अशा कापल्या आहेत की हात फिरविला तर आरसा वाटावा. असा अर्ज त्या कचेरीने पाहिला नसेल.

कळावे. लोभ जितका आहे तितकाच असू द्यावा. एकदम वाढल्यास कचेरीस संशय येईल.

तुझा,
अर्जदार


लेकीच्या घरून,
ता. २३ जानेवारी

ती. स्व. अहोंना,
सा. न. वि. वि.

मी तुमची बायको आहे हे लेखी कळवल्याबद्दल आभारी आहे. चार वर्षं नुसता अंदाज होता.

लेकीनं तुमचं पत्र सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. जावयांचा आग्रह हे शब्द आले तेव्हा जावयांना चहाचा ठसका लागला. त्यांचं म्हणणं असं, की गेल्या जूनमध्ये फोन तुमचाच आला, आणि तुम्ही विचारलंत की समजा एखाद्या माणसाला तिकडे यायचंच असलं तर फॉर्म कुठे मिळतो. कोण माणूस, असं त्यांनी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, आहे एक ओळखीचा. तो ओळखीचा कसा आहे आता? दोन्ही वेळा जेवतो का? पातेली कमी लागतात म्हणजे एकच लागतं, आणि सकाळचंच संध्याकाळी गरम होतं, हे मला इथून दिसतं.

इथे लेकीनं माझ्या खोलीत खिडकीशी एक टेबल आणून ठेवलंय. पुस्तकं दाबायचा शिकंजा ठेवून वर हात फिरवायला जागा उरेल एवढं मोठं. सध्या त्याच्यावर इस्त्रीचे कपडे असतात, पण ते टेबल तुमचं असं ठरलंय. नात त्यावर चढून बसली तर तिला उतरवतात आणि सांगतात, हे आजोबांचं. ती विचारते, आजोबा कुठेत? लेक सांगते, तपासणीत आहेत. त्या पोरीला वाटतं तुम्ही आजारी आहात.

आठवड्यातून दोन सकाळी मी इथल्या वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवते. दोरेवाल्या आजी म्हणतात मला. जुज शिवून झाले की मी पुस्तक पुढे सरकवते, आणि घ्यायला समोर कोणी नसतं. मग माझंच मला हसू येतं.

त्या कचेरीचा एक नियम मला कळलेला नाही, तुम्हाला कळला तर कळवा. निकाल लागेपर्यंत मी हा देश सोडायचा नाही. सोडला की तुमचा अर्ज रद्द आणि माझा इथे राहायचा परवानाही गेला. म्हणजे तुम्ही इकडे यायचं नाही, मी तिकडे जायचं नाही, आणि तेच आपल्याला विचारणार की तुम्ही दोघं एकत्र का राहत नाही?

अर्ज बांधलात ते ठीक. शिलाई तुम्ही घातलीत हे वाचून जरा धसका घेतला, कारण सुई नेहमी माझ्या हातात असायची आणि तुमची तिसऱ्या भोकाशी वाकडी जाते. पण अहो, कडा खरंच कापल्यात का? त्या फॉर्मांना अगदी काठाला बारीक काळ्या रेघा असतात. त्या राहिल्यात ना? मला तेवढी एकच काळजी लागून राहिलीय.

लोभ आहेच. तो मोजायला कोणी आलं तर दार उघडू नका.

तुमची,
मंडळी


दुकानातून,
ता. १० फेब्रुवारी

सौ. मंडळीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझी काळजी पोहोचली. परंतु तिच्या चार दिवस आधी कचेरीचे पाकीट पोहोचले. अर्ज परत आला आहे. प्रत्येक पानाच्या काठास असलेल्या काळ्या रेघा त्यांच्या यंत्रास वाचावयाच्या असतात, आणि त्या रेघा पानांवर नाहीत. त्या दुकानातील कात्रणांच्या पोत्यात आहेत.

यात माझी चूक आहे असे मी मानीत नाही. पासष्ट वर्षे माझ्याकडे जो छापील कागद आला, त्याच्या काठावरच्या काळ्या रेघा येथे कापा, हे सांगण्यासाठीच होत्या. मी कापल्या. अगदी सरळ कापल्या. जो छापखाना कापू नये अशा जागी रेघा छापतो, त्याने बाइंडरला दोष देऊ नये.

कार्बन पोत्यात कोपरापर्यंत हात घालून रेघा शोधीत बसला होता. त्यास वाटले, चिकटविता येतील. दुपारपर्यंत एकशे बारांपैकी नऊ सापडल्या, त्यांतील दोन कोणा वकिलाच्या डायरीच्या निघाल्या. शेवटी मी त्यास दंडाला धरून उठविले. पुठ्ठा उसवून पाने सुटी करावीत आणि नवे फॉर्म भरावेत, असा हुकूम आहे. शिलाईबद्दल एक अक्षर नाही. निळा पुठ्ठा मी फळीवर ठेवून दिला आहे. त्यावर सोन्याने विवाह खरा असल्याचे लिहिले आहे आणि आत काही नाही.

शिवाय कचेरीस शंका आल्या आहेत. आपल्या फोनची नोंद त्यांनी पाहिली. चार वर्षांतील प्रत्येक रविवार धरला तर दर वेळी सरासरी चाळीस सेकंद पडतात. एवढ्यात पती-पत्नी काय बोलतात, अशी पृच्छा आहे. मी उत्तर लिहिले की, बरी आहेस का, औषध घेतलेस का, ठेवतो. यास चाळीस सेकंदही लागत नाहीत. उरलेले सेकंद आपण दोघे गप्प असतो, तेही मोजलेले दिसतात. कार्बन म्हणाला, हे वाक्य खोडा. मी खोडले नाही.

एकत्र छायाचित्र मागितले, तर तुझ्या भावाच्या लग्नातील गटाचे एक सापडले. त्यात मी ताठ उभा आहे आणि माझ्या डाव्या हाताशी एक कोपर आहे. ते कोपर तुझे आहे. बाकीची तू पाहुण्यांचा चहा पाहावयास गेली होतीस. कार्बनने सुचविले की, हल्ली दोन फोटो जोडून समुद्रकिनाऱ्यावर उभे करून देतात. मी विचारले, आपण समुद्रकिनारी कधी गेलो? तो म्हणाला, फोटोत गेला असता. दुसऱ्या पुस्तकाचे पान मी कोणत्याही पुस्तकात शिवलेले नाही. कोपराखाली ‘पत्नी’ असे लिहून तेच पाठविले आहे.

आणि त्यांनी असेही विचारले आहे की, चार वर्षांपूर्वी लेकीने दोघांचेही अर्ज केले असता पत्नी एकटीच कशी गेली? तुला आठवत असेल. माझ्या फॉर्मवर धंदा या रकान्यात कार्बनने ‘अवलंबून’ असे टाईप केले होते. अकराव्या वर्षापासून स्वतःच्या हाताचे खाणाऱ्या माणसास ‘अवलंबून’! मी तो शब्द खोडला, फॉर्म फेकला आणि जायचे तर तू जा, असे बोललो. तू गेलीस. त्यावर अधिक लिहिण्याची इच्छा नाही. चूक कोणाची, हे दोघांसही ठाऊक आहे.

आता ते दोघांनाही साठ साठ प्रश्न पाठविणार आहेत. उत्तरे शपथेवर, वेगवेगळी, एकमेकांस न विचारता द्यावयाची. आपली उत्तरे जुळली तर विवाह खरा. तेव्हा यापुढील पत्रांत उत्तरे लिहू नयेस. मी तर काहीच लिहिणार नाही.

कळावे. लोभ सुट्या पानांत पाठवीत आहे. टाचणी काढू नये.

तुझा,
अर्जदार


लेकीच्या घरून,
ता. २८ फेब्रुवारी

ती. स्व. अहोंना,
सा. न. वि. वि.

अहो, कोपर! मी लेकीला म्हटलं, एवढ्या वर्षांत माझ्या कोपराला कोणी मान दिला नव्हता.

साठ प्रश्न आले. घरात परीक्षेचं वातावरण आहे. मी तुम्हाला फोन करून विचारीन म्हणून लेकीनं फोन कपाटात ठेवलाय. जावई माझ्यापुढे घड्याळ लावून बसतात. नवरा कुठल्या कुशीवर झोपतो, ब्रशाचा रंग कोणता, घोरतो का, आधी कोण उठतं, चहात साखर किती. मी भराभर लिहीत गेले. जावई म्हणाले, आई, आठवायलासुद्धा थांबत नाही तुम्ही! मी म्हटलं, याला आठवणं नाही म्हणत, ही सवय आहे. मग मी त्यांना लेकीच्या ब्रशाचा रंग विचारला, तर ते उठून न्हाणीघराकडे जायला लागले. आता त्या दोघांत बोलणं जरा कमी आहे.

फक्त एकेचाळिसावा प्रश्न मला दोन दिवस पुरला. चार वर्षांपूर्वी तुम्ही दोघं एकत्र का आला नाहीत, आणि त्याला जबाबदार कोण? जागा दोनच ओळींची होती, मी मागच्या बाजूलाही लिहिलं. काय लिहिलं ते सांगणार नाही. शपथ आहे. चूक कोणाची हे दोघांना ठाऊक आहे असं तुम्ही म्हणता, ते खरंच आहे. मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

माझा डावा गुडघा आता वाकत नाही. काळजीचं काही नाही. बसताना खुर्ची लागते आणि उठताना खुर्चीबरोबर कोणीतरी लागतं. टेबलाशी तुमची म्हणून जी खुर्ची ठेवलीय तीच सध्या वापरते. तुम्ही आलात की उठेन.

तुमच्या अर्जाचा इथे सगळ्यांना घोर लागलाय. वाचनालयातल्या बाई रोज विचारतात, आले का? मी सांगते, कचेरीला अजून ते कोण आहेत ते कळलेलं नाही. त्या म्हणतात, एवढ्या वर्षांत तुम्हाला कळलं का? मी म्हटलं, बरंचसं. थोडं राहिलंय, म्हणून तर बोलावतेय.

लोभाचं उत्तर मी न विचारताच लिहून टाकलंय. तुमचं जुळवून घ्या.

तुमची,
मंडळी


दुकानातून,
ता. १९ मार्च

सौ. मंडळीस,
अ. उ. आ. वि. वि.

गुडघ्यास शेक द्यावा आणि जिना टाळावा. खुर्चीवरून उठू नये.

काल कचेरीत माझी मुलाखत झाली. मी नवा कोट शिवून घेतला आहे, तो घालून गेलो. कार्बन सोबत होता. त्यास दारावरच अडविले, कारण सल्लागारांना आत प्रवेश नाही. अठरा वर्षे अर्ज करणारा हा मनुष्य प्रथमच कचेरी पाहावयास आला होता. तो बाहेर झाडाखाली उभा राहून आत जाणाऱ्यांस सल्ला देत होता.

आत काचेपलीकडे आपल्या लेकीहून लहान अशी एक अधिकारी बाई होती. काचेस पोळीएवढे भोक आहे, त्यातून बोलावयाचे. वाकून बोलावे लागते. मी वाकलो नाही, आवाज वाढविला. त्यामुळे माझी मुलाखत संपूर्ण दालनाने ऐकली. पत्नी घोरते का, या प्रश्नाचे उत्तर मी दिले तेव्हा मागच्या रांगेतील लोकांनी माना डोलविल्या.

मग बोटांचे ठसे. यंत्रास माझे ठसे सापडेनात. खळ आणि कागद यांनी बोटांवरच्या रेषा केव्हाच घासून नेल्या आहेत. पहिल्यांदा बोटे ठेवली, पुसून पुन्हा ठेवली, आणखी एकदा ठेवली. दर वेळी यंत्राने दाखविले की, येथे कोणी नाही. ती बाई म्हणाली, आजोबा, महिनाभर हातांना विश्रांती द्या, रेषा परत येतात. मी सांगितले, गेली चार वर्षे हातांना काम असे फारसे नाहीच. हे बोलावयाचे नव्हते. तोंडून गेले. तिने माझ्याकडे पाहिले आणि ठशांच्या जागी ‘झिजलेले’ असा शिक्का मारला. असा शिक्का त्यांच्याकडे तयार असतो, हे पाहून बरे वाटले. म्हणजे मी एकटा नव्हे.

साठही उत्तरे दिली. एकेचाळिसावे उत्तर मीही पाठीमागे लिहिले. शपथेवर लिहावयाचे म्हटल्यावर खरे तेच लिहावे लागले. तुला त्याचे काय करावयाचे? ते कचेरीचे आणि माझे आहे.

दुकानाच्या दारावर ‘नवीन काम घेणे बंद आहे’ अशी पाटी लावली आहे. कापण्याच्या यंत्रास गिऱ्हाईक येऊन पाहून गेले. शिकंजा देणार नाही, तो बरोबर आणतो. टेबलाची लांबी-रुंदी जावईबापूंकडून मोजून कळवावी. तो दोन्ही अंगांनी फिरविता आला पाहिजे. गल्लीतील लोक विचारतात, केव्हा निघणार? मी सांगतो, केवळ औपचारिकता उरली आहे.

कळावे. लोभाची पोच द्यावी.

तुझा,
अर्जदार


व्हिसा कार्यालयाच्या पत्राची मराठी प्रत
(पती व पत्नी या दोघांस स्वतंत्र रवाना. भाषांतर व टंकन: कार्बन)
ता. २४ एप्रिल

विषय: विवाह खरा असल्याबाबत.

आपण दिलेली उत्तरे या कार्यालयाने ताडून पाहिली. साठांपैकी एकोणसाठ उत्तरे तंतोतंत जुळतात. चार वर्षे स्वतंत्र राहणाऱ्या, दर आठवड्यास केवळ चाळीस सेकंद बोलणाऱ्या व्यक्तींची उत्तरे इतकी जुळणे स्वाभाविक नाही. ती पाठ केलेली असावीत, असे मानण्यास जागा आहे.

याउलट जो प्रश्न सर्वांत सोपा, त्या क्रमांक एकेचाळीसची उत्तरे परस्परविरोधी आहेत. ती पुढीलप्रमाणे.

पती: “जबाबदार मी. ‘अवलंबून’ या शब्दाचा राग हे निमित्त होते. खरे असे की, तेव्हा सहा महिने दुकानात काम नव्हते आणि ते मी पत्नीपासून लपविले होते. शब्द खरा होता म्हणून लागला. ती निघाली त्या सकाळी मी निरोप दिला नाही. दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून आत कोरे कागद शिवीत बसलो. शटरखालून मला तिचे पाय दिसले. ते थांबले. पुष्कळ वेळ थांबले. मी उठलो असतो तर ती गेली नसती. मी उठलो नाही. तिचा यात काही दोष नाही.”

पत्नी: “जबाबदार मी. दुकानात काम नाही हे मला माहीत होतं, शिवायला जुजच येत नव्हते तर कळणार नाही का? पण मी कळलं नाही असं दाखवलं. फॉर्मवरचा शब्द बदलून घ्या असं कार्बनला सांगणं माझ्या हातात होतं, दोन मिनिटांचं काम. मी सांगितलं नाही. मलाही एकदा बघायचं होतं, मी गेले तर यांचं अडतं का. जाताना दुकानाशी थांबले होते. आत हे आहेत हे माहीत होतं. वाकून शटर वर करायचं होतं फक्त. तेव्हा गुडघे चांगले होते. मी वाकले नाही. यांचा काही दोष नाही.”

दोघांपैकी किमान एकाचे विधान असत्य आहे. शिवाय पती आणि पत्नी दोघेही दोष स्वतःकडे घेतात, असा प्रकार या कार्यालयाच्या अनुभवात नाही. सबब विवाह खरा असल्याबद्दल खात्री न पटल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.

दोष नेमका कोणाचा, हे एकमताने ठरवून दोघांच्या सहीचे निवेदन तीस दिवसांत सादर केल्यास अपील ऐकण्यात येईल.


दुकानातून,
ता. २ मे

सौ. मंडळीस,
अ. उ. आ. वि. वि.

कचेरीचे पत्र तुलाही मिळाले असेल. भाषांतर करताना कार्बन दोनदा उठून बाहेर जाऊन आला. डोळ्यांत कचरा गेला, असे म्हणाला. हा मनुष्य आपल्या घरातील गोष्ट आपल्या दोघांआधी वाचून बसला, याचा मला राग आला होता. पण तो तेव्हापासून माझ्यासमोर मान वर करीत नाही आणि रोज संध्याकाळी जेवणाचा डबा आणून ठेवतो, म्हणून काही बोललो नाही. ‘अवलंबून’ हा शब्द आपणच टाईप केला, असे तो सारखे म्हणतो. त्यासही दोष हवा आहे. मी त्यास सांगितले की, रांगेत तुझा नंबर तिसरा.

काम नाही हे तुला ठाऊक होते, हे मला ठाऊक नव्हते. सहा महिने मी रोज सकाळी कोरे कागद यंत्राखाली धरून आवाज करीत होतो, तो तू ऐकून घेत होतीस तर.

आता अपिलाचे. मसुदा सोबत आहे. ‘दोष सर्वस्वी पतीचा’ असे त्यात लिहिले आहे. तू खाली सही करावीस. एका सहीचे काम आहे. टेबल खिडकीशी आहे, कोट शिवून झाला आहे. उगाच अडवून धरू नये.

त्या सकाळी तुझ्या डाव्या चपलेचा पट्टा नवा आणि उजव्याचा जुना होता. हे कचेरीस लिहिले नव्हते. दोन ओळींत मावले नाही.

कळावे. लोभ.

तुझा,
मी


लेकीच्या घरून,
ता. १५ मे

ती. स्व. अहोंना,
सा. न. वि. वि.

मसुदा मिळाला. सही केलेली नाही. करणारही नाही. कचेरीला खोटं लिहून देण्याचं माझं वय नाही. मी माझा मसुदा करून पाठवला असता, ‘दोष सर्वस्वी पत्नीचा’, पण तुम्ही त्यावर सही करणार नाही हे मला माहीत आहे. साठ उत्तरांत हे उत्तर विचारायचं राहिलं त्यांचं. म्हणजे अपील होत नाही, आणि झालं तरी पुन्हा वर्षभर आपण दोघं खऱ्याखोट्यात अडकणार.

लेक चिडली. एवढी वर्षं घालवून मिळालेला परवाना कोणी असा सोडतं का, म्हणाली. मग आपोआप रडली, आणि मग तिनं फोन कपाटातून काढून दिला. जावई टेबल ठेवतो म्हणाले, पण मी त्यांना सांगितलं, तिकडे एक आहे. वाचनालयातल्या बाईंनी मला त्यांची जाड सुई भेट दिली. नात विचारत होती, आजोबांची तपासणी झाली का? मी सांगितलं, झाली. काही निघालं नाही. चांगले आहेत. पुढच्या सुट्टीत तू जाऊन बघ.

तेव्हा एक करा. दुकानाचं शटर सकाळपासून पूर्ण वर ठेवत जा. अर्ध्यावर नको. मला आता वाकता येत नाही.

बाकीचा लोभ समक्ष.

तुमची,
मंडळी


दुकानातून,
ता. ९ जून

व्हिसा कार्यालयाचे प्रमुख यांस,
स. न. वि. वि.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर आणि पाच महिने, धंदा बुकबाइंडिंग (पुन्हा चालू), शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, ठसे झिजलेले, प्रतिज्ञेवर लिहून देतो की:

माझा अर्ज मी परत घेत आहे. अपील करावयाचे नाही. पत्नीकडे जाण्याची परवानगी मागण्याचे कारण उरलेले नाही, कारण ती माझ्यापासून दोन हातांवर बसली आहे आणि मी हे लिहीत असताना प्रत्येक ओळीत काही ना काही सुचवीत आहे. ती गेल्या सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता दुकानासमोर रिक्षातून उतरली. शटर पूर्ण वर होते. ते पहाटे पाचपासून वर होते, आणि त्याआधी आठवडाभरही; परंतु ते आपल्या नोंदीत घेण्याचे कारण नाही. ती न वाकता आत आली. बोलणे सुमारे चाळीस सेकंद झाले. पैकी निम्मा वेळ कोणी काही बोलले नाही.

आपल्या कार्यालयाविषयी माझी तक्रार नाही. एकोणपन्नास वर्षांत जे आम्ही एकमेकांस विचारले नाही, ते आपण विचारले, आणि ज्याचे त्यास पोहोचते केले. टपालखात्यासही इतके जमत नाही. निकाल मात्र आपण चुकीचा दिलात. एका पुस्तकाचे दोन जुज तुलनेस घेतले आणि दोन्हीवर वेगवेगळा मजकूर आहे म्हणून पुस्तकच खोटे ठरविले. वेगवेगळा असतो म्हणूनच ते शिवावे लागतात.

रेकॉर्ड दुरुस्त असावे म्हणून आणखी एक. चार वर्षांपूर्वीच्या फॉर्मवर धंद्याच्या रकान्यातील जो शब्द मी खोडला होता, तो आज स्वहस्ते, कोणाच्याही आग्रहाविना, पुन्हा लिहीत आहे. मी अवलंबून आहे. जावयावर नव्हे. माझ्या दुकानातील शिलाई पहिल्यापासून पत्नी करते. मी फक्त कापतो.

हे निवेदन तीन पानांचे असूनही बांधून पाठवीत आहे. पुठ्ठा तोच, निळा, सोनेरी अक्षरांचा. त्यात आता ही तीन पाने आणि आमची सर्व पत्रे आहेत. शिलाई तिची आहे. तिसरे भोक तपासून पाहावे. कडा कापलेल्या नाहीत.

हे पुस्तक परत पाठवू नये. त्याची येथे गरज नाही.

कळावे. आपला लोभ असल्यास आमच्यानंतर रांगेत उभ्या असलेल्यांवर असावा.

आपला,
माजी अर्जदार

समक्ष हजर साक्षीदार:

१. शेजारचे टायपिस्ट ऊर्फ कार्बन. दारावरील सल्लागाराची पाटी उतरवून आले. सही केली, डाग पडला.

२. पत्नी. सही केली, परंतु उत्तर क्रमांक एकेचाळीसबाबत पतीचे म्हणणे आपणास मान्य नसून दोष आपलाच होता, अशी हरकत तिने सहीखाली लिहिली आहे. पतीस ती हरकत मान्य नाही.